गप्प बसणाऱ्याची सहल

पहाटे 5:45

दुबईत पावणेसहा म्हणजे महाराष्ट्रात सव्वासात. तिकडे पहिला चहा झालेला असतो आणि चहाबरोबर लोकांना दुबई आठवते. माझे डोळे उघडायच्या आत फोनवर निरोप येऊन पडलेले असतात. दुबईच्या करामा भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी जोडप्यांच्या सहली आखते. काही जोडपी महाराष्ट्रातून इकडे येणारी, काही इथेच नोकरी करणारी आणि सुट्टीत युरोप नाहीतर जॉर्जियाला निघणारी. बहुतेकांची परदेशातली ही अशी पहिलीच सहल, की जिच्यात दोन-तीन शहरं आहेत आणि पुढे झेंडा घेऊन चालणारा टूर मॅनेजर नाही.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे हनिमूनच्या फायली सुरू होतात. आजचा पहिला निरोप नाशिकच्या नवरदेवाचा. लग्न पुढच्या आठवड्यात. ‘ताई, ऑफर होती म्हणून दोघांची विमानाची तिकिटं मीच काढली. हॉटेलं आणि व्हिसा तुम्ही बघा.’ सोबत तिकिटांचा आणि पासपोर्टांचा फोटो.

तिकिटावर बायकोचं नाव, पुढे ह्याचं नाव, पुढे ह्याचं आडनाव. पासपोर्टवर तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. प्रेमाने केलेलं काम आहे, पण विमानतळावरच्या काउंटरला प्रेम कळत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं, आणि व्हिसा तर पासपोर्टवरूनच निघतो. एखादं अक्षर चुकलं तर विमान कंपन्या सहसा दुरुस्त करून देतात; अख्खं आडनाव बदलायचं म्हटलं की तिकीट रद्द करून नवं काढण्याची भाषा सुरू होते.

उलटा प्रकारही असतो. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. नोव्हेंबर 2022 पासून नुसत्या एका नावाच्या पासपोर्टवर इथला पर्यटक व्हिसा मिळत नाही. वडिलांचं किंवा घराण्याचं नाव कुठेतरी नोंदलेलं लागतं.

नवरदेवाचा पुढचा प्रश्न: हॉटेलात मॅरेज सर्टिफिकेट दाखवावं लागतं का? नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये इथले कायदे बदलले, तेव्हापासून लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहणं हासुद्धा गुन्हा राहिलेला नाही. मी त्याला लिहिलं, ‘आधी होणाऱ्या बायकोला विचारा, नाव बदलायचंय का?’ बराच वेळ निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, ‘विचारून सांगतो.’

म्हणजे विचारलेलंच नव्हतं.

7:10

शारजातल्या अल नहदाहून करामापर्यंत कार लिफ्ट. एक मल्याळी ड्रायव्हर, चार जणी, ठरलेल्या जागा, महिन्याचे ठरलेले पैसे. अंतर सांगायला लाज वाटावी इतकं कमी आणि लागणारा वेळ सांगायला लाज वाटावी इतका जास्त. सकाळी शारजा दुबईत शिरतं आणि संध्याकाळी दुबई शारजात. म्हणून कुणी इंटरनेटवर शारजाचं हॉटेल स्वस्त बघून खूश झालं की मी विचारते, सकाळी किती वाजता बाहेर पडणार? वाचलेले पैसे ह्या रस्त्यावर वेळेच्या रूपात भरावे लागतात. शिवाय 31 जानेवारी 2025 पासून सालिकचा टोल गर्दीच्या वेळी चाराऐवजी सहा दिरहम झालाय. आणि शारजात दारूबंदी आहे. ती कडक आहे, हॉटेलातही. कित्येक नवरे हे ऐकून हॉटेल बदलतात आणि कारण ट्रॅफिकचं देतात.

9:00

ऑफिस. व्हिसाच्या फायली: फोटो, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. 2024 च्या अखेरीपासून कागद काटेकोर बघतात, त्यामुळे ‘हॉटेल तिथे आल्यावर बघू’ हा आपला लाडका बेत संपला. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. पहिल्या अर्ध्या तासात एवढंच काम, आणि कॉफी.

9:40

सांगलीचा व्हिडिओ कॉल.

लग्नाला पंचवीस वर्षं झालीत, मुलगी पुण्यात शिकते, दोघं पहिल्यांदाच देशाबाहेर पडतायत. पाच रात्री. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बुधवारी सकाळी यायचं, सोमवारी रात्री परत. दादांनी वहीत यादी केलीय आणि वही कॅमेऱ्यासमोर धरलीय. दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा, फुजैरा, अबू धाबी.

‘सात अमिराती हायत नव्हं? सातही बघून टाकायच्या. एवढं पैसे घालून येतोय.’

मी म्हटलं, ‘दादा, ह्या सातही 1971 च्या 2 डिसेंबरला एकदम एकत्र आल्या नाहीत. त्या दिवशी सहाच होत्या. रास अल खैमा 10 फेब्रुवारी 1972 ला आली. देशाला दोन महिने लागले, तुम्ही पाच रात्रींत उरकणार?’

दादा हसले, पण वही तशीच धरून होते.

मग मी गणित मांडलं. ते सगळ्यांसाठी सारखंच असतं. हॉटेल बाराला खोली सोडायला लावतं आणि दुसरं हॉटेल तीनला खोली देतं. मधले तीन तास तुम्ही आणि तुमच्या बॅगा. त्याआधी पॅकिंग, नंतर गाडी, मग पुन्हा काउंटर, पुन्हा पासपोर्ट, पुन्हा डिपॉझिट. दुबईत त्यावर दर रात्रीचं ‘टुरिझम दिरहम’ नावाचं शुल्क, सात ते वीस दिरहम, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे, ते काउंटरवर वेगळं. म्हणजे गाव बदललं की अर्धा दिवस गेला असं धरायचं. गावं मोजू नका, रात्री मोजा. पाच रात्रींत दोन मुक्काम नीट होतात. तीन केले तर दमछाक. सात म्हणजे रस्त्यावरच राहिलात.

‘मग दुबईत राहून रोज जाऊन येऊन करू की.’

करता येतं. अबू धाबी एका बाजूला साधारण 140 किलोमीटर, दीड तास. रास अल खैमातला जबल जैस डोंगर 1900 मीटरच्या वर, घाटाचा रस्ता देखणा, पण दुबईहून जायला दोन तास आणि यायला दोन. फुजैरा दुसऱ्या किनाऱ्याला. होतं सगळं. संध्याकाळी आठवतं ते मात्र फक्त गाडीच्या खिडकीचं.

एवढ्या वेळात वहिनी चौकटीच्या कडेला बसून होत्या. अर्धा चेहरा दिसत होता. मी विचारलं, ‘वहिनी, तुम्हाला काय बघायचंय?’

‘ह्यांनी ठरवलंय तेच.’

ह्या धंद्यात मला एक कळलंय. जोडप्यातला जो बोलतो त्याची सहल इंटरनेटवर कुणालाही आखून मिळते. आमची गरज असते ती दुसऱ्यासाठी. म्हणून मी ‘काय बघायचंय’ हा प्रश्न सोडून देते आणि वाट बघते. गप्प बसणारं माणूस काही बघायचं मागत नाही. ते एखादी शंका विचारतं, आणि त्या शंकेत सगळं असतं.

वहिनींनी विचारलं, ‘गाडी सकाळी कितीला येणार?’

दादांच्या यादीप्रमाणे रोज सातला. म्हणजे उठायचं पाचला.

‘आणि चालायला किती?’

मी सांगितलं: अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत वाहनतळावरून जमिनीखालच्या बाजारातून आत जायचं, सरकते पट्टे असले तरी चालणं बरंच. दुबई मॉलमध्ये मेट्रोच्या पुलापासूनच सुरू. बुर्ज खलिफाला लिफ्ट आहे, पण रांग आहे. वहिनींनी गुडघ्यावर हात ठेवला. दादांना तो दिसला नाही, ते वहीत बघत होते. मग वहिनी म्हणाल्या, ‘पंचवीस वर्षं पाचला उठतेय. डबे. एक दिवस कुणी उठवू नये, एवढं बघा.’

आता सहल आखता येते.

दुबईत तीन रात्री, अबू धाबीत दोन. येताना दुबईला उतरायचं, जाताना अबू धाबीहून उडायचं. म्हणजे उलटा प्रवास नाही, टॅक्सी नाही, अर्धा दिवस वाचला. मल्टी-सिटी तिकीट म्हटलं की लोक महाग समजतात. पुष्कळदा परतीच्या साध्या तिकिटाइतकंच पडतं, फक्त शोधताना वेगळा रकाना निवडावा लागतो.

दादांनी मंदिर आणि लूव्हर शेवटच्या सोमवारी ठेवलं होतं, विमान रात्रीचं म्हणून. दोन्ही सोमवारी बंद असतात. अबू मुरेखाचं बीएपीएस मंदिर, 14 फेब्रुवारी 2024 ला उघडलं ते, दुबई-अबू धाबी वाटेवरच आहे. तेव्हा शनिवारी मुक्काम हलवताना तिथे थांबायचं, आधी नोंदणी करून. खोली मिळेपर्यंतचे रिकामे तास तिथेच सत्कारणी लागतात. लूव्हरवर दोघांनीही फुली मारली, मी आग्रह केला नाही. रविवारी सकाळ कोरी. संध्याकाळी मशीद, दिवे लागायच्या सुमाराला.

‘गुरुवारी सफारी,’ दादा वाचत होते.

‘गुरुवार मार्गशीर्षातला,’ वहिनी म्हणाल्या. आवाज आता मोठा झाला होता. वाळवंटातल्या कॅम्पवर शाकाहारी जेवण वेगळं मिळतं, पण बार्बेक्यूचा धूर सगळ्यांना सारखाच. सफारी शुक्रवारी. वाळूवरची उसळती गाडी दादांच्या मणक्याला चालेल का, हेही वहिनींनीच विचारलं. ड्रायव्हरला आधी सांगितलं तर तो सरळ कॅम्पवर नेतो. गुरुवारी मग काय? बर दुबईचा जुना भाग आणि अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. भाडं एक दिरहम. तीनदा बसा.

‘अजमान?’ दादांनी शेवटचा प्रयत्न केला.

‘तुमच्या भाच्याकडे शारजाला जेवायला जाणार आहात ना? तिथून पंधरा-वीस मिनिटांवर समुद्रकिनारा आहे. उतरा, पाय भिजवा, अजमान झालं.’

वहीत बरोबरची खूण झाली. सातांपैकी चार, आणि दादा खूश.

दुपारी 12:50

जेवण टेबलावरच. डब्यात वांगं. करामात मराठी जेवण विकत मिळतं, भाजणीपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं दुकानात असतं, त्यामुळे इथे कुणी उपाशी राहत नाही. तरी लोक बॅग भरून आणतातच, आणि मग दुपारच्या सुट्टीतले फोन त्यासाठीच असतात.

‘ताई, भाच्यासाठी अनारसे आणले तर चालतील का?’ सांगलीच्या वहिनी. आता थेट मला फोन करतात, नवऱ्याला मध्ये न घेता. ही चांगली खूण.

अनारसे चालतील, खसखस चालणार नाही. आपल्याकडे पाच-दहा रुपयांच्या पुडीत मिळणारी खसखस इथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. दाणे किती का बारीक असेनात, हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ‘मग तीळ लावते,’ वहिनी म्हणाल्या. आमच्या आजीला हे आवडलं नसतं.

औषधांचंही तेच. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल, झोपेच्या आणि धास्तीच्या काही गोळ्या इथे नियंत्रित यादीत आहेत. लागत असतील तर इथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यायची. बाकीच्यांना डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट. गोळ्या काढून छोट्या डबीत भरायची आपली सवय प्रवासात नको. गुडघ्याच्या गोळीचं नाव फोटो काढून पाठवा म्हटलं.

पाठोपाठ दादांचा निरोप: एक दिरहम म्हणजे आज किती रुपये, म्हणजे थांबायचं का? दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून 3.6725 ला एक डॉलर, तेव्हा तो हलत नाही. हलतो तो आपला रुपया. एके काळी हा हिशेबच नव्हता. 1966 पर्यंत ह्या किनाऱ्यावर रुपयाच चालायचा; सोन्याची चोरटी आयात आवरायला रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. दादांना हे इतकं आवडलं की थांबायचं का, हा मूळ प्रश्न त्यांनी सोडून दिला.

3:30

अबू धाबीहून ड्रायव्हरचा फोन. पुण्याचं नवं जोडपं मशिदीत आहे, फोटो काढताना नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात टाकला आणि सुरक्षारक्षकाने येऊन तो काढायला लावला. रागावला नाही, दंड नाही, फक्त हाताने खूण. पण मुलगा नाराज आहे. मी आदल्या रात्री पाठवलेल्या सूचनांत हे होतं: डोकं झाकायचं, अंगभर कपडे, प्रवेश फुकट पण वेळ आधी नोंदवायची, आणि जवळिकीच्या पोझ नाहीत. सूचना बायकोने वाचलेल्या असतात. फोटोची पोझ नवरा ठरवतो.

मधल्या वेळेत दोन हॉटेलांचे दर. 2 आणि 3 डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी, दर वर. एक बुकिंग दोन दिवस पुढे ढकललं.

नाशिकहून उत्तर आलं: ‘ती म्हणते नाव नाही बदलायचं.’ पुढे हसरा चेहरा, तो नेमका कशासाठी ते कळलं नाही. विमान कंपनीला दुरुस्तीचा अर्ज पाठवला.

संध्याकाळी 7:20

इथली माणसं येतात ती ऑफिस सुटल्यावर. आज शारजाहून आलेलं जोडपं. ती दुबईत एका शाळेत शिकवते, तो मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणेच्या देखभालीत आहे. एप्रिलमध्ये युरोप, नऊ रात्री. तिने छापूनच आणलंय: पॅरिस तीन, इंटरलाकेन दोन, व्हेनिस दोन, रोम दोन. बोलते तीच. तो माझ्या मागच्या नकाशाकडे बघत बसलाय.

‘फ्रान्सचा व्हिसा काढायचा ना? पहिलं पॅरिस आहे म्हणून.’

हा गैरसमज जवळपास प्रत्येकाचा. शेंगेनचा अर्ज जिथे सगळ्यात जास्त रात्री तिथे करायचा; रात्री सारख्या असतील तरच पहिला देश. तिच्या कागदावर व्हेनिस आणि रोम मिळून इटलीच्या चार होतात. म्हणजे अर्ज इटलीकडे. ती गप्प झाली, बोटावर पुन्हा मोजलं.

‘तुम्हाला काय बघायचंय?’ मी त्याला विचारलं.

‘तिला हवं ते.’

मी विमा, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं एनओसी हे सगळं सांगायला लागले. विमा किमान 30,000 युरोचा, अर्जाची फी माणशी 90 युरो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो ऐकत होता की नाही कळेना. मग त्याने विचारलं, ‘इंटरलाकेनला दोनच रात्री असल्या आणि ढग असले तर वर जाणारी रेल्वे चुकते का?’

रेल्वे चालते, पण दिसत काही नाही.

‘युंगफ्राउची,’ तो म्हणाला. ‘1896 ला सुरू केली, 1912 ला वर पोचली. वरचं स्टेशन 3454 मीटरवर. मधल्या रुळाला दाते आहेत, त्यात गाडीचं चाक अडकत जातं. बोगदा डोंगराच्या पोटातून काढलाय. त्या काळी!’ मग पाणी कसं निथळतं, ब्रेक कसे लागतात. पेन मागून घेतलं आणि तिच्याच छापील कागदाच्या पाठीवर दात्यांची आकृती काढली, मोजमापासकट. ती त्याच्याकडे बघत राहिली.

‘हे तू मला कधी बोलला नाहीस.’

‘तू विचारलं नाहीस. आणि तिकीट महाग आहे तिथलं.’

व्हेनिस तिनेच काढलं, मी नाही. ती म्हणाली, पाण्यातल्या गल्ल्या पुन्हा बघू, रोम मात्र सोडणार नाही. पॅरिस तीन, इंटरलाकेन चार, रोम दोन. चार रात्रींत ढगाळ दिवस निघून गेला तरी एखादा उघडा मिळण्याची आशा राहते. पॅरिसला उतरायचं, रोमहून परत. मधे एक दिवस रेल्वेत जाणार: स्पिएझला गाडी बदलून मिलान, मिलानहून रोम. मी म्हटलं, थोडा कंटाळवाणा दिवस आहे, विमान बघू का?

‘सिंप्लॉनच्या बोगद्यातून जाते ना ती?’ तो. ‘1906 चा. जवळजवळ वीस किलोमीटर. विमान नको.’

रात्री बदलल्या, अर्जाचा देश पुन्हा बदलला. आता स्वित्झर्लंड. येताना फ्रान्स, साडेसातला इटली, आठला स्वित्झर्लंड, आणि अजून कुणी शारजा सोडलेलं नाही.

8:30

एमिरेट्स आयडी बघितले. दोघांचाही रेसिडेन्स व्हिसा जानेवारीत संपतोय. शेंगेनवाले परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे आधी नूतनीकरण: त्याचं पहिलं, कारण ती त्याच्या स्पॉन्सरशिपवर आहे, मग तिचं. दोघांची वैद्यकीय तपासणी. त्यानंतर फेब्रुवारीत अपॉइंटमेंट शोधायची, जी दुबईत मिळाली नाही तर अबू धाबीत शोधायची.

‘मग आत्ता काय बुक करायचं?’ तिने विचारलं.

‘आत्ता काहीच नाही. एचआरला मेल करा आणि रक्त तपासणीची तारीख घ्या.’

तो कागद घडी घालून खिशात ठेवत होता. तिने तो परत मागून घेतला, उलटा करून दात्यांची आकृती वर आली तसा धरला आणि विचारलं, ‘हे चाक उतरताना अडकत नाही का?’ ऑफिस साडेआठला बंद होतं. मी दिवे चालू ठेवले आणि कार लिफ्टवाल्याला कळवलं, मला वगळून जा.